गृहध्वनिसंच : असमाधानकारक ध्वनीची कारणे व निवारण

घरात संगीत, भाषण इ. ध्वनिमुद्रित वा प्रक्षेपित कार्यक्रम ऐकण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या उपकरणांच्या समूहास गृहध्वनिसंच म्हणतात. त्याची सामान्यतः तीन अंगे असतात : (१) कार्यक्रम विद्युत् संकेताच्या रूपात पुरविणारा उद्‌गम (रेकॉर्ड प्लेअर, कॉम्पॅक्ट डिस्क वादक, रेडिओ, दूरचित्रवाणी संच, संगणक, भ्रमणध्वनी इ.), (२) या संकेताची शक्ती वाढविणारा विवर्धक, म्हणजे व्यवहारातील ॲम्प्लिफायर, आणि (३) संकेताचे ध्वनीत रूपांतर करणारे दोन किंवा अधिक ध्वनिक्षेपक, म्हणजे व्यवहारातील स्पीकर. ध्वनी ज्या खोलीतून श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचतो, ती खोली हे या साखळीचे चौथे अंग होय. ते संचाबरोबर विकत मिळत नसल्याने बहुधा विचारात घेतले जात नाही.

नवा संच घरी आणल्यावर दुकानात ऐकलेल्या ध्वनीच्या मानाने त्याचा ध्वनी निकृष्ट वाटणे, हा अनेकांचा अनुभव आहे. अशा वेळी उपकरण सदोष किंवा हलक्या प्रतीचे आहे असे समजून ते बदलण्याकडे कल असतो. तथापि नव्या संचाच्या बाबतीत निर्मितिदोषापेक्षा चुकीची जोडणी, अयोग्य मांडणी व खोलीचे गुणधर्म हीच कारणे अधिक वेळा आढळतात. ती तशीच राहिल्यास अधिक किंमतीच्या उपकरणानेही मूळ तक्रार दूर होत नाही. म्हणून दोषाचा शोध बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरू करून क्रमाने खर्चाच्या उपायांकडे जाणे इष्ट असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये अमेरिकेत वर्णन केलेला चल वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक हा आजच्या बहुतेक ध्वनिक्षेपकांचा पूर्वज होय. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये दोन मार्गांनी ध्वनी नोंदवून त्याला दिशेचा व विस्ताराचा प्रत्यय देण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. दीर्घकाल चालणारी ध्वनिमुद्रिका १९४८ मध्ये व द्विमार्गी (स्टीरिओ) ध्वनिमुद्रिका १९५८ च्या सुमारास बाजारात आली. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीस आली, तेव्हापासून उद्‌गम व विवर्धक यांतील त्रुटी बहुतांशी कानाला न जाणवण्याइतक्या कमी झाल्या आहेत. चांगल्या विवर्धकाचा प्रतिसाद श्राव्य कंप्रतांच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांच्या) मर्यादेत अर्ध्या डेसिबेलपेक्षाही कमी ढळतो. चांगल्या ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत हे ढळणे दोन-तीन डेसिबेल असते, तर सामान्य खोलीमुळे खर्जाच्या भागात दहा डेसिबेल वा त्याहून अधिक चढउतार होऊ शकतात. दोष शोधताना कोठे अधिक लक्ष द्यावे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. [⟶ ध्वनिमुद्रण व पुनरुत्पादन].

जोडणीतील दोष : द्विमार्गी संचात सर्वांत अधिक आढळणारी चूक म्हणजे एका ध्वनिक्षेपकाच्या तारा उलट जोडल्या जाणे ही होय. विवर्धक व ध्वनिक्षेपक या दोहोंच्या टोकांवर धन व ऋण अशा खुणा (बहुधा लाल व काळा रंग) असतात. एका बाजूस त्यांची अदलाबदल झाली, तर एका ध्वनिक्षेपकाचा शंकू पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे जातो. खर्जाच्या लांब तरंगांच्या बाबतीत दोन्हींचे परिणाम बव्हंशी परस्परांस मारक होऊन खर्ज नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज समोर मध्यभागी न वाटता खोलीत विखुरल्यासारखा वाटतो. ही चूक ओळखण्यासाठी एकट्या माणसाच्या भाषणाचे एकमार्गी (मोनो) ध्वनिमुद्रण लावावे. दोन्ही ध्वनिक्षेपकांच्या बरोबर मध्यावर बसले असता आवाज मध्यभागी एका ठिकाणाहून येत नसेल, तर विवर्धक बंद करून एकाच ध्वनिक्षेपकाच्या तारा उलट कराव्यात व पुन्हा ऐकावे. ज्या जोडणीत खर्ज भरीव व आवाज मध्यभागी स्थिर वाटतो, ती बरोबर समजावी.

रेकॉर्ड प्लेअरच्या बाबतीत आणखी एक दोष संभवतो. ध्वनिमुद्रिकेवर खाच कोरताना खर्जाची पातळी मुद्दाम कमी व तारस्वरांची अधिक ठेवलेली असते. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघटनेने १९५४ मध्ये प्रमाणित केलेल्या वक्रानुसार १,००० हर्ट्‌झच्या तुलनेत २० हर्ट्‌झजवळ ही घट व २०,००० हर्ट्‌झजवळ ही वाढ प्रत्येकी सुमारे २० डेसिबेल असते. शिवाय चल चुंबकी पिकअपपासून मिळणारा विद्युत् दाब अवघा ३ ते ५ मिलिव्होल्ट, तर कॉम्पॅक्ट डिस्क वादकापासून मिळणारा सुमारे २ व्होल्ट असतो. म्हणून रेकॉर्ड प्लेअरसाठी वक्राची भरपाई करणारा स्वतंत्र पूर्वविवर्धक लागतो. काही विवर्धकांत वा प्लेअरमध्ये तो अंतर्भूत असतो. तो साखळीत नसल्यास आवाज अतिशय क्षीण, पातळ व कर्कश येतो. याउलट प्लेअर व विवर्धक या दोहोंतील पूर्वविवर्धक एकाच वेळी वापरात आले, तर खर्ज अवास्तव वाढून आवाज फाटतो. या दोन्ही परिस्थितींत पिकअप वा सुई बदलून काहीही साधत नाही.

अंकीय उद्‌गमांच्या बाबतीत उपकरणाच्या मांडणीतील पर्याय तपासावे लागतात. रात्री शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून योजलेली सोय चालू राहिल्यास मंद व मोठ्या आवाजांतील अंतर दबते व संगीत निर्जीव वाटते. सबवूफर (केवळ खर्जासाठीचा ध्वनिक्षेपक) जोडलेला नसताना विवर्धकात तो आहे अशी नोंद असल्यास, ठराविक कंप्रतेखालील (पुष्कळदा ८० हर्ट्‌झखालील) सर्व संकेत न जोडलेल्या मार्गाने वाया जातो. बिनतारी जोडणीत किंवा इंटरनेटवरून येणाऱ्या संगीतात माहितीचा वेग फार कमी ठेवलेला असल्यास झांजा, टाळ यांसारख्या वाद्यांचा आवाज खरखरीत होतो. म्हणून पहिली तपासणी उत्तम ध्वनिमुद्रणाच्या कॉम्पॅक्ट डिस्कने किंवा तत्सम उद्‌गमाने, तारेच्या जोडणीने करावी.

ध्वनिक्षेपकाच्या तारेविषयी अनेक गैरसमज आहेत. तारेचा महत्त्वाचा गुणधर्म म्हणजे तिचा रोध होय. ०.५ चौ. मिमी. छेदाची तांब्याची दुहेरी तार १० मी. लांब असल्यास जाण्यायेण्याच्या मार्गाचा एकूण रोध सुमारे ०.७ ओहम भरतो व ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकावर सुमारे ०.७ डेसिबेलची हानी होते. २.५ चौ. मिमी. छेदाची तार वापरल्यास ही हानी ०.१५ डेसिबेलपर्यंत खाली येते. यापलीकडे महागड्या तारांवर खर्च करण्यास सबळ कारण उरत नाही. सैल स्क्रू व गंजलेली टोके मात्र खरोखरीच दोष उत्पन्न करतात. सागरी हवेच्या गावांत ती वेळोवेळी साफ करणे आवश्यक असते.

सतत ऐकू येणारी घरघर ५० किंवा १०० हर्ट्‌झची असेल, तर तिचा उगम घरगुती वीजपुरवठ्यात असतो. दूरचित्रवाणीची केबल व विवर्धक ही वेगवेगळ्या ठिकाणी भूसंपर्कित असल्यास त्यांच्यामधून प्रवाह वाहून घरघर येते. एकेक केबल काढून पाहिल्यास कारण सापडते. सर्व उपकरणे एकाच भूसंपर्कित फलकावरून चालविणे हा योग्य उपाय होय. घरघर थांबविण्यासाठी भूसंपर्काची तार तोडणे वा तीन पिनांच्या प्लगमधील मोठी पिन काढणे जिवावर बेतू शकते. ते कदापि करू नये.

ध्वनिक्षेपकांची मांडणी : दोन ध्वनिक्षेपक व श्रोता हे समभुज त्रिकोणाच्या तीन कोनांवर असावेत, हा सामान्य नियम आहे. लहान खोलीत ध्वनिक्षेपकांमधील अंतर २ मी. ठेवल्यास श्रोत्यानेही प्रत्येकापासून सुमारे २ मी. अंतरावर बसावे. दिवाणखान्यात जागेच्या सोयीनुसार एक ध्वनिक्षेपक कोपऱ्यात व दुसरा उघड्या दारालगत, किंवा दोन्ही शोकेसच्या बंदिस्त कप्प्यांत ठेवलेले आढळतात. पहिल्या प्रकारात दोन्ही बाजूंचा खर्ज असमान होतो. दुसऱ्या प्रकारात कप्पा स्वतःच कंप पावतो आणि पेटीच्या मागील बाजूस वायुछिद्र असल्यास ते कोंडले जाते.

मागील भिंतीपासूनचे अंतर विशेष महत्त्वाचे असते. खर्जाचे तरंग ध्वनिक्षेपकापासून सर्व दिशांनी पसरतात. भिंतीवरून परत आलेला तरंग मूळ तरंगाच्या विरुद्ध कलेत (कंपनाच्या विरुद्ध अवस्थेत) येऊन मिळाला, तर त्या कंप्रतेचा ध्वनी क्षीण होतो. हे अंतर तरंगलांबीच्या एक-चतुर्थांश असताना असे घडते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मी. धरल्यास भिंतीपासून ०.६ मी. अंतरासाठी ही कंप्रता सुमारे १४४ हर्ट्‌झ, तर १ मी. अंतरासाठी सुमारे ८६ हर्ट्‌झ येते. पहिली कंप्रता पुरुषाच्या आवाजाच्या मूलस्वरांच्या पट्ट्यात पडत असल्याने तो आवाज पोकळ वाटू शकतो. याउलट भिंतीला अगदी चिकटवून वा कोपऱ्यात ठेवलेल्या ध्वनिक्षेपकाचा खर्ज अवाजवी वाढतो. म्हणून ध्वनिक्षेपक १०–१५ सेंमी.च्या टप्प्यांनी पुढेमागे सरकवून प्रत्येक वेळी तोच उतारा ऐकावा. हा उपाय बिनखर्चाचा असून पुष्कळदा उपकरण बदलण्यापेक्षा अधिक गुणकारी ठरतो.

तारस्वरांचे तरंग आखूड असल्याने ते मुख्यतः समोरच्या दिशेने जातात. त्यामुळे ट्वीटर (तारस्वरांसाठीचा लहान ध्वनिक्षेपक) श्रोत्याच्या कानांच्या पातळीत असावा लागतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून सुमारे १ मी., तर भारतीय बैठकीवर मांडी घालून बसलेल्याचे सुमारे ७० सेंमी. उंचीवर असतात. खुर्चीच्या हिशेबाने बनविलेल्या तिवईवर ध्वनिक्षेपक ठेवून गादीवर बसून ऐकल्यास आवाज मंद व झाकलेला वाटतो. अशा वेळी ध्वनिक्षेपक किंचित खाली कलते करणे पुरेसे होते.

तंबोऱ्याचा आवाज या बाबतीत चांगली कसोटी ठरतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखविल्याप्रमाणे जवारीच्या विशिष्ट घडणीमुळे तंबोऱ्याच्या तारेतून अधिस्वरांची (मूळ कंप्रतेच्या पटीतील स्वरांची) विपुल मालिका निघते. ध्वनिमुद्रण चांगले असूनही स्वयंभू गंधार व त्यावरील झळाळी ऐकू येत नसेल, तर ट्वीटरची दिशा, उंची किंवा जोडणी तपासावी.

खोलीचा परिणाम : समोरासमोरील दोन भिंतींमधील अंतर तरंगलांबीच्या निम्मे किंवा तिच्या निमपटीच्या पटीत असते, तेव्हा खोलीत स्थिर तरंग निर्माण होऊन त्या कंप्रतेस खोली अनुस्पंदन देते, म्हणजे तो स्वर घुमतो. पहिली अशी कंप्रता काढण्यासाठी ध्वनीच्या वेगास अंतराच्या दुपटीने भागावे. ५ मी. लांब व २.५ मी. रुंद खोलीत लांबीमुळे ३४.५ व ६९ हर्ट्‌झ, तर रुंदीमुळेही ६९ हर्ट्‌झ ही कंप्रता मिळते. दोन दिशांची अनुस्पंदने एकत्र आल्याने ६९ हर्ट्‌झचा स्वर इतरांपेक्षा फार मोठा होतो. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची कंप्रता जवळजवळ हीच असते. त्यामुळे अशा खोलीत त्याच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण सतत घुमत असल्याचा भास होईल. मात्र दुसऱ्या पट्टीतील गायकाचे ध्वनिमुद्रण त्याच संचावर निर्दोष वाटेल. लांबी, रुंदी व उंची समान असलेली खोली या दृष्टीने सर्वांत वाईट होय.

स्थिर तरंगाची तीव्रता खोलीत सर्वत्र सारखी नसते. भिंतीलगत ती सर्वाधिक असते, तर पहिल्या अनुस्पंदनाच्या बाबतीत खोलीच्या बरोबर मध्यावर ती किमान असते. म्हणून मागील भिंतीला टेकून बसणाऱ्यास खर्ज जादा, तर मध्यावर बसणाऱ्यास अपुरा वाटतो. बैठकीची जागा अर्धा मीटर हलविल्यानेही मोठा फरक पडू शकतो. सबवूफरसाठी जागा निवडताना तो तात्पुरता श्रोत्याच्या जागी ठेवावा व खर्जाचा उतारा वाजवून खोलीत जमिनीलगत फिरावे. जेथे खर्ज सर्वांत सम ऐकू येतो, तेथे सबवूफर ठेवावा. ध्वनिग्राहकाने मापन करून खर्जाचे उंचवटे आपोआप कमी करण्याची सोय अनेक विवर्धकांत असते. ती उपयुक्त असली, तरी परस्परविरोधी तरंगांनी पडलेले खळगे तिने भरून निघत नाहीत. कारण शक्ती वाढविली की मूळ व परावर्तित असे दोन्ही तरंग सारखेच वाढतात.

सुमारे २०० हर्ट्‌झच्या वर खोलीचा परिणाम मुख्यतः निनादाच्या (उद्‌गम थांबल्यावरही रेंगाळणाऱ्या ध्वनीच्या) रूपात दिसतो. वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांनी हार्व्हर्ड विद्यापीठातील एका सदोष व्याख्यानगृहावर १८९५ पासून केलेल्या प्रयोगांतून असे निष्पन्न झाले की, निनादकाल (ध्वनीची पातळी ६० डेसिबेलने कमी होण्यास लागणारा काळ) खोलीच्या घनफळाच्या सम व एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मीटर या एककात घनफळास ०.१६१ ने गुणून शोषणाने भागले असता निनादकाल सेकंदांत मिळतो. ४.५ × ३.५ × ३ मी. खोलीचे घनफळ सु. ४७ घ. मी. व अंतर्भागाचे क्षेत्रफळ सु. ८० चौ. मी. असते. गिलाव्याच्या भिंती व फरशी यांचा शोषणगुणांक ०.०३ धरल्यास रिकाम्या खोलीचा निनादकाल ३ सेकंदांच्या वर जातो. घरगुती श्रवणास तो साधारणतः अर्ध्या सेकंदाच्या आत असावा. त्यासाठी एकूण शोषण १५ चौ. मी.पर्यंत वाढवावे लागते. गालिचा, चुण्यांचे जाड पडदे, गाद्या, पुस्तकांची उघडी मांडणी व माणसे यांनी ते बरेचसे साध्य होते. फरशी, गिलावा व काच यांनी वेढलेल्या, नुकत्याच ताब्यात घेतलेल्या व सामानसुमान नसलेल्या सदनिकेत कोणताही संच कर्कश वाटतो, याचे कारण हेच होय. खोलीच्या मध्यावर टाळी वाजविली असता झणझणीत प्रतिध्वनींची मालिका ऐकू आल्यास शोषण अपुरे आहे असे समजावे.

पातळ आच्छादनांनी केवळ तारस्वर शोषले जातात. १०० हर्ट्‌झच्या तरंगलांबीचा चौथा भाग सुमारे ८६ सेंमी. असल्याने पडद्याचा किंवा भिंतीवर चिकटविलेल्या अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेंचा खर्जावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. अशी आच्छादने फार झाल्यास उलट तारस्वर मेलेले व खर्ज घुमणारा, असा दुहेरी दोष उद्‌भवतो. [⟶ ध्वनिकी].

शक्ती व विपर्यास : ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता १ वॉट शक्तीने १ मी. अंतरावर मिळणाऱ्या पातळीने सांगतात. ती ८६ डेसिबेल असल्यास ९६ डेसिबेलसाठी १० वॉट व १०६ डेसिबेलसाठी १०० वॉट लागतात. संवेदनशीलता ३ डेसिबेलने कमी असलेल्या ध्वनिक्षेपकास दुप्पट शक्ती लागते. संगीतातील क्षणिक आघात सरासरी पातळीच्या १० ते २० डेसिबेल वर जातात. विवर्धकाची क्षमता त्यांना पुरली नाही, तर तरंगाचे माथे छाटले जाऊन विपर्यास (मूळ तरंगाकारात होणारा बिघाड) होतो. तबल्याच्या थापेस आवाज फाटणे हे त्याचे लक्षण होय. छाटलेल्या तरंगातील जादा तारस्वरांमुळे ट्वीटर जळण्याचाही धोका असतो. खरेदीच्या वेळी जाहिरातीतील क्षणिक कमाल शक्तीचा आकडा न पाहता दोन्ही मार्ग चालू असताना मिळणारी सतत शक्ती पहावी.

श्रवणाचे गुणधर्म : हार्वे फ्लेचर व विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये समप्रबलता वक्र प्रसिद्ध केले. त्यांवरून मंद पातळीस खर्जाबाबत कान फार असंवेदनशील असतो असे दिसून आले. अलीकडील प्रमाणित वक्रांनुसार १,००० हर्ट्‌झचा ४० डेसिबेलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यास १०० हर्ट्‌झच्या स्वराची पातळी सुमारे ६४ डेसिबेल असावी लागते. पातळी वाढते तसा हा फरक कमी होतो. दुकानात मोठ्याने ऐकलेला संच घरी रात्री हळू लावल्यावर खर्जहीन वाटतो, त्याचे एक कारण हे आहे. दोन उपकरणांची तुलना करताना त्यांच्या पातळ्या समान नसल्यास किंचित मोठ्याने वाजणारे उपकरण अधिक चांगले भासते. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ध्वनिक्षेपक दिसत असताना श्रोत्यांनी दिलेले गुण व पडद्याआड ठेवले असता दिलेले गुण यांत लक्षणीय फरक आढळला. किंमत व रूप यांचा प्रभाव अनुभवी श्रोत्यांवरही पडतो, असे त्यावरून दिसते.

मूळ ध्वनिमुद्रणाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. १९२५ मध्ये विद्युत् पद्धती प्रचारात येण्यापूर्वी कर्ण्याने नोंदविलेल्या ध्वनिमुद्रिकांत साधारणतः २०० ते ३,००० हर्ट्‌झ एवढाच पट्टा असे. त्या काळच्या नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका कोणत्याही संचावर भरीव खर्ज देणार नाहीत. उलट चांगल्या संचावर त्यांतील खरखर अधिक स्पष्ट होते.

तपासणीचा क्रम : (१) आपल्या चांगल्या परिचयाची दोन-तीन उत्तम ध्वनिमुद्रणे निवडावीत व स्वरनियंत्रक मध्यावर ठेवून, नेहमीच्या पातळीस ऐकावे. (२) ताऱ्यांचे धन-ऋण, उद्‌गमाची योग्य जागी जोडणी व उपकरणांतील पर्याय तपासावेत. (३) एकाच बाजूस दोष असल्यास उपकरणे बंद करून दोन्ही ध्वनिक्षेपकांच्या जागा बदलाव्यात. दोष ध्वनिक्षेपकाबरोबर गेला, तर तो ध्वनिक्षेपकात आहे. दोष मूळ बाजूसच राहिला, तर ध्वनिक्षेपक जागच्या जागी ठेवून उद्‌गमाकडून विवर्धकात येणाऱ्या डाव्या व उजव्या केबलींची अदलाबदल करावी. आता दोष बाजू बदलत असेल, तर तो उद्‌गमात वा केबलीत. बदलत नसेल, तर विवर्धकात, ध्वनिक्षेपकाच्या तारेत किंवा खोलीच्या त्या बाजूस आहे. (४) ध्वनिक्षेपक व बैठक यांच्या जागा थोड्याथोड्या बदलून पहाव्यात. एका वेळी एकच बदल करावा व तो लिहून ठेवावा. (५) खोलीतील शोषण घरातील सामानाने वाढवून पहावे. (६) शक्य असल्यास एकटा ध्वनिक्षेपक मोकळ्या गच्चीवर किंवा दुसऱ्या खोलीत वाजवून पहावा. तेथे ध्वनी समाधानकारक असल्यास दोष खोलीचा, हे निश्चित होते.

या सर्व तपासण्यांनंतरही दोष उपकरणाबरोबरच राहत असेल, तर हमीच्या मुदतीत ते विक्रेत्याकडे परत करावे. नवा ध्वनिक्षेपक महिनोन्‌महिने वाजविल्यावर आपोआप सुधारतो, या समजुतीवर विसंबून मुदत संपू देऊ नये. शंकूच्या नव्या आधारभागांच्या ताठरपणात होणारा बदल अल्प असून तो बहुतांशी पहिल्या काही तासांतच पूर्ण होतो. उपकरण निर्दोष असूनही पसंत नसल्यास बदलताना प्रथम ध्वनिक्षेपकाचा विचार करावा, कारण उपकरणांपैकी ध्वनीत सर्वाधिक फरक त्यानेच पडतो. नवा ध्वनिक्षेपक शक्यतो स्वतःच्या खोलीत, नेहमीच्या जागी व नेहमीच्या पातळीस ऐकूनच विकत घ्यावा.